टिटवीचं वय

४ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. चौथा मजला, खिडकीजवळचं टेबल, आणि बसलं की आपोआप वीतभर खाली जाणारी खुर्ची. शेजारच्या बाई म्हणाल्या, सवय होईल, आम्ही सगळे असेच बुटके झालोत.

कंपनीची वेबसाइट आईबापांसाठी आहे. बाळाचं वजन, उंची, लसी, फोटो, बोबडे बोल, सगळं तिथे साठवायचं. माझ्याकडे सोडून जाणारे मेंबर. अर्ज वाचायचा, ‘काढा’ हे बटण दाबायचं आणि पत्र पाठवायचं : ‘तुमची माहिती पूर्णपणे काढली आहे.’ संध्याकाळपर्यंत तीस जणांना निरोप दिला. हात बसला.

राहायला ताईकडे. तिने मला टिटवीची खोली दिली. टिटवी म्हणजे माझी भाची. अखंड बडबड, म्हणून मीच ठेवलेलं नाव. तीन वर्षांची होती, तापाने चार दिवसांत गेली. त्यालाही आता तीन वर्षं झाली. ताई हल्ली हसते. आज माझ्या खुर्चीची गोष्ट ऐकून तर पोट धरून हसली. मी गाव बदललं ते बरंच झालं.

७ मार्च, गुरुवार

ताईच्या नावाने एक खोकं आलं. आत दप्तर, आणि चिठ्ठी : ‘टिटवी सहा वर्षांची झाली! पहिलीची तयारी झाली ना?’

भाऊजींनी ते कपाटावर टाकलं. ताई म्हणाली, दर वाढदिवसाला काहीतरी येतंच, चौथ्याला सायकलची जाहिरात आली होती. इतक्या सहज म्हणाली.

टिटवी हे घरातलं नाव. बाहेर कोणाला सांगितलं होतंस, विचारलं. तिने आमच्याच वेबसाइटचं नाव घेतलं. पोटुशी असल्यापासून मेंबर होती. टिटवी गेल्यावर महिन्याभराने तिने खातं काढायला सांगितलं होतं. तसं पत्रही आलं होतं. ‘पूर्णपणे काढली आहे.’

११ मार्च, सोमवार

शोधलं. खात्यापुढे ‘काढलेले’ असा शेरा. त्यावर बोट ठेवलं तर आत सगळं जिथल्या तिथे. वय : सहा वर्षे चार दिवस. उंची दर महिन्याला आपोआप वाढते. फोटोसुद्धा. तिसऱ्या वर्षीच्या फोटोवरून यंत्राने सहाव्या वर्षाचा काढलाय. दोन वेण्या, ताईचं कपाळ, भाऊजींचे कान. बघू नये असं वाटत होतं आणि डोळे हटत नव्हते.

संगणक विभागातल्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, काढणं म्हणजे फक्त मेंबरच्या पडद्यावरून काढणं. माहिती एव्हाना एकेचाळीस कंपन्यांकडे गेली आहे. दप्तरवाले, दातांचे दवाखाने, शाळा. नाव नोंदवताना तुमच्या ताईंनी ‘अटी मान्य’वर खूण केली आहे.

मी म्हटलं, अहो, ती मुलगी गेली.

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “त्याचा रकानाच नाही आपल्याकडे.”

१६ मार्च, शनिवार

सुट्टी. ताई मेथी निवडत होती. फोन वाजला, हात मातीचे म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

“आई, माझा दात हलतोय. डॉक्टरांकडे कधी नेणार?”

दवाखान्याची जाहिरात. पण आवाज टिटवीचा. ताईने वेबसाइटवर जपून ठेवलेल्या बडबडीतून घडवलेला, फक्त तीन वर्षांनी मोठा. ‘र’ आता स्वच्छ येतो.

भाऊजी उठले आणि अनवाणीच बाहेर गेले.

ताई फोनवर वाकली. “कुठला गं दात? वरचा का खालचा?” पलीकडे जाहिरात संपली होती. ती तरी वाट बघत बसली. मेथी तशीच.

१८ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत त्या गृहस्थांनी पाठ फिरवली आणि मी त्यांच्या यंत्रावरून टिटवीचं खातं मुळापासून पुसलं. त्यांनी मुद्दामच पाठ फिरवली असावी.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, ताई सुटेल. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, “दुसऱ्यांदा का नेलंस रे तिला?”

जेवलो नाही कोणीच.

१९ मार्च, मंगळवार

खातं परत आलंय. एकेचाळिसातल्या कोणीतरी परत भरलं असेल. असंच असेल.

पण खात्यात साठवलेले तिच्या आवाजाचे तुकडे काल पुसताना नऊ होते. आज अकरा.

२६ मार्च, मंगळवार

ताई पुन्हा मेंबर झाली. उंची तिने स्वतः दुरुस्त केली. फ्रॉकचं माप घातलं. अंधाराला घाबरते, हेही लिहिलं. भाऊजींना सांगू नकोस म्हणून गळ्याची शपथ घातली.

रोज दुपारी फोन येतो. जाहिरात नसते. ताई बोलते, पलीकडून उत्तर येतं. मी दाराआडून ऐकलं — खळखळून हसल्या दोघी.

संगणकवाल्यांना सांगितलं. त्यांनी सगळ्या कंपन्या तपासल्या. उत्तर देणारा आवाज कोणीच विकत नाही.

ते आजपासून रजेवर —

३० मार्च, शनिवार

ताईला निरोप. मंगळवारी शाळेचा पहिला दिवस, दोन वाजता आईने फाटकाशी यावं. खाली पत्ता. खात्यात पाहिलं. पाठवणाऱ्याचा रकाना कोरा.

मी पाया पडलो तिच्या. जाऊ नकोस म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. म्हणाली, “मला खुळी समजू नकोस. ती नाहीये, मला ठाऊक आहे. पण ती बोलावतेय ना रे.”

२ एप्रिल, मंगळवार

ताई घरात नाही. कपाटावरचं दप्तर नाही. शपथ मोडली, भाऊजींना सगळं सांगून त्या पत्त्यावर पाठवलं.

चार वाजले. भाऊजींचा फोन. त्या पत्त्यावर शाळा नाही — गोदाम आहे, शटर बंद. रखवालदार म्हणतो, एक बाई उभी होती, फोनवर बोलत, हसत. तो पाणी प्यायला वळला. मग नव्हती. रस्ता तर सरळ, लांबवर मोकळा —

खातं उघडलंय समोर. आवाजाचे तुकडे — अठरा — एकोणीस —

खाली नवी ओळ. आईचं वय : चौतीस. पुढे शेरा : ‘वाढ बंद’ —

फोन. ताईचा नंबर. देवा, ताई —

ताई नाही.

“मामा, आई पोचली. ती म्हणते, तुलाही —