उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय आणि हुलग्याचे शेंगोळे

पिंपरी,
शनिवार, ता. ९ नोव्हेंबर १९५७

वडील बंधू उद्धवदादा यांना धाकटा भाऊ शांतवन याचा प्रभूच्या नावात सलाम.

इकडे त्याच्या कृपेने आम्ही सर्व खुशाल आहोत. सुभद्रा बाळंतपणातून उठून कामाला लागली, मुलगी दोन महिन्यांची झाली, आणि आई तर इथे आल्यापासून दहा वर्षांनी लहान झाली आहे (कालच तिने नळावरचं एक भांडण मिटवलं आणि दुसरं लावून दिलं). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तांबडी गाय अजून लाथा झाडते का? तुम्ही आईला गाडीत बसवून दिलंत. तिच्या गाठोड्यात वहिनींनी शिवलेलं टोपरं निघालं, चिठ्ठी मात्र निघाली नाही. मी गाठोडं तीनदा झटकलं. पत्रात ‘तुम्ही’ लिहितो आहे, कारण ज्या भावाने तीन वर्षांत एक अक्षर काढलं नाही त्याला एकदम ‘तू’ म्हणू नये, असं सुभद्रेचं मत पडलं.

ती तीन वर्षं कशी सुरू झाली हे तुम्हांला सांगायला नकोच. ज्याच्या पहिल्या पानांवर घरातल्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेले आहेत ते बाबांचं मोठं पवित्र शास्त्र रीतीप्रमाणे थोरल्याकडे जायचं. बाबांनी ते जाण्याआधी महिनाभर माझ्या हातात ठेवलं. त्यांना माती देऊन परतताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, “बाबांनी माणूस बरोबर ओळखला,” आणि पुढे निघून गेलात. त्या चार शब्दांनी मला जेवढं छळलं तेवढं कंपनीच्या भोंग्यानेही छळलेलं नाही. मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. म्हणून हे तिसरं, आणि ह्यात मंडळीची हकीकत आहे, म्हणजे निदान धर्मकार्य म्हणून तरी तुम्ही ते वाचाल.

इथे औषधाच्या कारखान्याच्या वसाहतीत आपली अकरा घरं आहेत, पण देऊळ नाही. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एक रविवार येतात, बाकीचे रविवार आमच्या ओट्यावर उपासना होते (आमचाच ओटा, कारण तो सर्वांत मोठा नसला तरी सुभद्रेचा चहा सर्वांत गोड आहे). पाळकसाहेबांनी पाळी लावून दिली की उत्पत्तीचं पुस्तक ओळीने वाचायचं आणि वाचणाऱ्याने शेवटी बोध सांगायचा. मोठ्या उत्साहाने सुरुवात झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. नोहा जहाजातून उतरतो, द्राक्षमळा लावतो आणि पिऊन तंबूत उघडा पडतो, हे मी वाचलं त्या दिवशी दारूबंदीचे पोलीस बबनरावांच्या मेहुण्याला शोधत आकुर्डीपर्यंत येऊन गेले होते. बबनराव म्हणजे आमचे फिटर, मिशीवाले, चौथ्या बिऱ्हाडातले. मी मुद्दाम तो अध्याय काढला असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पुढच्या रविवारी सारा आणि हागार ह्यांचं एका घरातलं भांडण आलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन जावा एकमेकींकडे पाठ करून बसल्या. त्यानंतर जो तो येताना माझ्याकडे असा बघे, जणू मी घरोघर कान लावून हिंडतो आणि मग त्या मापाचा अध्याय शोधतो.

शेवटी बबनरावांनीच उभं राहून जाहीर विचारलं, “शांतवनराव, ही काय घरं म्हणायची? बाप पोरांत डावं-उजवं करतोय, आई कान भरतीय, भाऊ भावाला फसवतोय. आमच्या गावाला असल्या घरात कुणी पोरगी द्यायचं न्हाई.” मी पानं चाळू लागलो. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून खातूनबी बोलल्या. (त्यांचे यजमान नवाबभाई मुंबई रस्त्यावर ट्रक दुरुस्त करतात, उपासना चालू झाली की ह्यांना भिंतीजवळचेच कपडे वाळत घालायचे असतात.) त्या म्हणाल्या, “अहो, इब्राहिम, याकूब आमचे पण नबीच की! घर म्हटलं की भांडणं आलीच. म्हणून काय अल्लानं घर बदललं का?” दादा, मी नगरच्या शाळेत चार वर्षं शास्त्र शिकलो, पण इतका सरळ बोध मला कोणी दिला नव्हता. मी तोच लगेच माझा म्हणून सांगून टाकला. देवाने आधी चांगलं घर शोधून मग आशीर्वाद द्यायचं ठरवलं असतं, तर तो आशीर्वाद अजून हातात घेऊन उंबरे झिजवत बसला असता, असं म्हणालो. अकराच्या अकरा घरांतून एकदम सुस्कारा निघाला. त्या जावा एकाच ताटलीतून बिस्किटं खाताना मी स्वतः पाहिल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी बिस्किटांची दुसरी पुडी फोडली (सुभद्रेने ते नंतर काढलंच).

पण गर्वाचं घर खाली. मागच्या रविवारी माझी पाळी आली आणि अध्याय आला सत्ताविसावा. आंधळा इसहाक, शिकारीला गेलेला थोरला एसाव, आणि आई रिबका हिच्या सांगण्यावरून हातांना करडाची कातडी बांधून थोरल्याचा आशीर्वाद लाटणारा धाकटा याकोब. हा अध्याय बाबांच्या त्याच शास्त्रातून, आई समोर पाटावर बसलेली असताना, वाचायची माझ्यात हिंमत नव्हती. मी सव्विसावा संपवला आणि दोन पानं एकदम उलटून अठ्ठाविसावा धरला. बबनराव आपल्या शास्त्रावर बोट ठेवून ऐकतात हे मी विसरलो. “सत्तावीस राहिला की!” ते ओरडले. मी म्हणालो, फार लांब आहे. ते म्हणाले, नोहाच्या वेळी लांब न्हाई वाटला? मग वाचावाच लागला. बाप विचारतो की तू खरंच माझा एसाव आहेस ना, आणि पोरगा हो म्हणतो, तिथे माझा आवाज जो बसला तो उठेचना. डोळ्यांना धार लागली. खातूनबींनी भिंतीवरून तांब्या दिला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, बबनरावांनी तर आत्म्याचा संचार झाला म्हणून मोठ्याने स्तुती केली, आणि उपासना संपायच्या आत मंडळीने एकमताने ठरवलं की नाताळपर्यंत दर रविवारी मीच वाचायचं, कारण असा पाझर दुसऱ्या कोणाला फुटत नाही. माझ्या चोरीला मंडळीने असं बक्षीस दिलं. एकटी आई तेवढी म्हणाली, “रिबका काय वाईट बाई नव्हती हां,” आणि पान खायला आत गेली.

असो. थंडी पडू लागली आहे, गुडघ्याला तिळाचं तेल लावावं. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ,
शांतवन

ता. क. पाकीट अजून डकवलेलं नाही, तेव्हा आता सांगतोच. चोरी कसली ते. दादा, त्या दिवशी तुम्ही बाबांच्याच डोळ्यांचं औषध आणायला नगरला गेला होता. आईने हुलग्याचे शेंगोळे केले होते आणि मी बाबांच्या खाटेशी बसून ते खात होतो. बाबांनी शास्त्र छातीवरून उचललं, हात पुढे केला आणि विचारलं, “कोण, उद्धव का?” माझं तोंड भरलेलं होतं. मी “हं” केलं. याकोबाने निदान कातडी तरी बांधली होती, मी घाससुद्धा गिळला नाही. पुस्तक हातात आल्यावर बोलायची लाज वाटली, मग तुमच्या अबोल्याची भीती वाटली, आणि बघता बघता तीन वर्षं झाली. बाबांनी मला निवडलं नव्हतं. ते तुमचंच नाव घेत होते. माझ्यामुळे तुम्ही स्वतःला नावडता मुलगा समजत राहिलात, याची मला फार फार शरम वाटते. माफ करा.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर मी रडत होतो, तेव्हा आईने कारण विचारलं आणि मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती हसायलाच लागली. दादा, ती हसून हसून खोकली, मुलगी जागी झाली, सुभद्रा पिठाच्या हातांनी बाहेर आली. आई म्हणते, बाबांना तेव्हाच कळलं होतं. रात्री ते तिला म्हणाले होते, “उद्धव तोंडात घास असताना कधी बोलत न्हाई. हा शांतवनच. पर ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. उद्धवला समदं तोंडपाठ हाय, त्याला पुस्तक कशाला? ह्या गड्याला मातर उघडून बघावं लागंल.” मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आई, तीन वर्षं तू दादाच्या घरात राहिलीस, हे त्याला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, “तुम्ही अबोला कशापायी धरलाय ते मला कुणी सांगितलं? मला वाटलं, बैलावरनं.”

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. आता मी सरळ तू म्हणतो. येत्या महिन्यात योसेफ आपल्या भावांना ओळख देतो तो अध्याय येतो आहे. खातूनबींनी यूसुफचं आलं की हाक मारा म्हणून बजावलं आहे, आणि मी मंडळीला सांगून बसलोय की माझा थोरला भाऊ येऊन तो अध्याय तोंडपाठ म्हणणार. तेव्हा यावंच लागेल. त्याच दिवशी मुलीचा बाप्तिस्मा आहे. पहिल्या पानावर तिच्या नावाची ओळ मी कोरी ठेवली आहे, ती तुझ्या अक्षरात हवी. वहिनींना आण, लिंबाचं लोणचं आण. शास्त्र आणायची खटपट करू नकोस, ते माझ्याकडेच आहे.