सिस्टर खुर्ची पुसतात

सोमवार, ४
लागली बुवा एकदाची नोकरी! हृदयविकार विभागातला नवा ब्रदर म्हणजे मी. खोल्या लख्ख, ईसीजीचं मशीन कोरं करकरीत, चहा मात्र नुसतं गरम पाणी. मोठ्या सिस्टर कडक, पण मायाळू. पेशंट आला की आधी वय विचारतात, मग दुखणं. तरुण असेल तर पित्ताचं गुलाबी औषध पाजून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायचं, ही इथली रीत. डॉक्टर सिस्टरच्या शब्दाबाहेर नाहीत. वॉर्डातले मामा म्हणाले, नव्या माणसानं नसत्या चौकशा करू नयेत. राहिलं!

गुरुवार, ७
एक आजी आल्या. छातीत काहीच नाही, नुसता दम, मळमळ, बोलणं जरा असंबद्ध. मला वाटलं, अशक्तपणा. सिस्टरनी मात्र तिथल्या तिथे ईसीजी काढायला लावला. ॲटॅकच निघाला. आजी वाचल्या. सिस्टर म्हणाल्या, म्हातारं हृदय गुपचूप बुडतं, तरुण हृदय ओरडतं. काय जाणकार बाई! मी मनोमन हात जोडले.

रविवार, १०
पस्तिशीतला एक ड्रायव्हर आला. छातीवर मूठ, घामानं निथळलेला, डावा हात जड. हृदय ओरडतच होतं की! सिस्टरनी गुलाबी औषध पाजलं, खुर्चीत बसवलं. मी ईसीजीचं नाव काढलं तर डोळे वटारले. माणूस बसल्या जागी गेला. त्याची बायको दारातच कोसळली. जी बाई आजींचं न बोललेलं दुखणं ओळखते, तिला हे कळू नये?
आणि तो यायच्या आधीच सिस्टर खुर्ची पुसत होत्या. मी पाहिलंय.

बुधवार, १३
पुन्हा पुसली. मग एक तरुण शिक्षिका आली. तीही त्याच खुर्चीत गेली. खाटांवरचे म्हातारे मात्र टुणटुणीत होताहेत. मामांना सिस्टरचं वय विचारलं. ते म्हणाले, मी लागलो तेव्हाही एवढ्याच दिसायच्या. आणि निघून गेले.

शुक्रवार, १५
सिस्टरनी माझं वय विचारलं. एकतीस. सिगारेट ओढतोस ना, म्हणाल्या. लपूनच ओढतो मी— यांना कुणी सांगितलं?

शनिवार, १६
खुर्ची पुसताहेत. दारात कुणी नाही. जिन्यातही नाही. मग कुणासाठी—

छातीवर धोंडा ठेवल्यासारखं. जबडाही दुखतोय. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, सिस्टर काय म्हणतात?

सिस्टर आल्या. हातात गुलाबी औषध.
"एकतीस ना? पित्त आहे रे बाळा. जरा बस."

बसलोय. मशीन समोरच— उठवत नाही— डावा हात गेला— आजी खाटेवर उठून बसल्यात, गाल कसे लाल— माझ्याकडे बघून ह