वडापवाल्याच्या लेकीचं लायसन

जि. टिपरेरी, आयर्लंड
१८ नोव्हेंबर २०२४

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

तीर्थरूप आप्पांस, अनुपमाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही ओरडता, मी ओरडते आणि शेवटी कुणालाच काही कळत नाही. जन्मभर जीपच्या इंजिनाशेजारी बसून तुमचे कान गेले, त्याला आता इलाज नाही. म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो रुपालीवहिनीच्या मोबाइलवर टाकतेय. उत्तरही तसंच पाठवा.

मी खुशाल आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, असं नर्सचं काम आहे. माणसं गोड आहेत. थंडी इतकी की आईनं दिलेलं स्वेटर मी दुसऱ्या स्वेटरच्या आत घालते.

पण आप्पा, इथं वडाप नाही, हात केला की थांबून माणसं भरणारी जीप नाही. बस येते सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि तीही मोकळी. पहिल्या दिवशी चढले तर आत एकच बाई बसलेली. मी आपली तिच्या शेजारी जाऊन बसले. गाडीत एकच माणूस असताना त्याला टाकून लांब बसणं बरं दिसतं का? ती आधी खिडकीकडं सरकली, मग पर्स उराशी धरली आणि पुढच्याच थांब्यावर उतरून गेली. तो तिचा थांबा नव्हता, हे मला ड्रायव्हरच्या तोंडावरून कळलं. आपल्या वडापात न्हावऱ्याहून चौफुल्याला पोचेपर्यंत कांदा काय भावानं गेला, कुणाच्या सुनेचं काय बिनसलंय, सगळं कळायचं. इथं मला अजून ड्रायव्हरचं नावही माहीत नाही. तुमच्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याला गुडघा टेकवून बसायचे, त्या जागेसाठी जीव तुटतो.

आता मुद्द्याचं. ऑफिसनं सांगितलंय, फेब्रुवारीअखेर इथलं ड्रायव्हिंग लायसन काढा, नाहीतर नोकरी संपली. मी जीप चालवली ती आपल्या उसाच्या बांधापर्यंतच. टेस्ट जवळ आलीय, तेव्हा चार गोष्टी शिकवा.

आईला म्हणावं, भाकरी अजून जमत नाही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अनू

न्हावरे, ता. शिरूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. अनुपमा हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद. इकडं समदं ठीक हाय, तिकडचं कळवीत जावं.

वडापवाल्याच्या लेकीला लायसन मिळंना, आसं कवा झालंय व्हय? नीट ध्यान दे. वळण आलं की हॉर्न. जनावर दिसलं की हॉर्न. काय बी दिसत नसलं तर आधी हॉर्न, कारण तवाच काय तरी आडवं येतं. आरशात लई बघू नको, मागचा त्याचं तो बघून घेतो. टेस्ट घेणारा सायेब म्हंजी पाव्हणा, त्याला घरी माणसं किती हायेत ते इचार. आन् रस्त्यात कुणी हात केला तर गाडी थांबवायची, भरलेली असली तरी थांबवायची. माणूस उन्हात हुबं हाय आन् आपण तसंच निघून गेलो, आसं आपल्या घरात कुणी केलं न्हाई.

इकडं धंदा बसलाय. ज्याच्या त्याच्याकडं मोटरसायकल. काल पारगावच्या पुलावर जीपमधी दोनच पाशिंजर, त्यातली एक शेळी. शेजारचा बाळासो म्हणतो, आप्पा, जीप मला द्या, मी कोंबड्या वाहतो. मी म्हणालो, आजून माणसं संपली न्हाईत.

शिक्रापूरला नवा दवाखाना झालाय, नर्सा पायजेत म्हणत्यात. आसंच सांगितलं. तुझी खोली झाडून ठिवलीय, ते बी आसंच सांगितलं.

आशीर्वाद हायेतच, कमी पडले तर कळव.

तुझे आप्पा

जि. टिपरेरी
९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

नापास झाले. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, म्हणूनच झाले.

टेस्ट घेणारे साहेब उंच, गोरे आणि मुके. घरी किती माणसं, असं विचारलं तर त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. वळणावळणाला हॉर्न दिला, तेव्हा एका बाईच्या हातातला झाडू पडला आणि तीन घरांचे पडदे उघडले. इथं हॉर्न म्हणजे शिवी, हे मला मागाहून कळलं.

पुढं एक म्हातारा पिशवी घेऊन रस्त्याकडेला उभा. त्यानं हात केला. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. खिडकीतून त्याला बसा म्हटलं आणि साहेबांना मराठीत सांगितलं की जरा सरका, बाबांना बसू द्या. साहेबांना मराठी कुठलं कळायला? पण ते सरकले. तो म्हातारा खरं तर समोरच्या फुटपाथवरच्या दोस्ताला हात करत होता. तरी आला, मागं बसला आणि मला चर्चपाशी सोडा म्हणाला. मी सोडलं. साहेब टेस्ट संपेपर्यंत पुढं बघत राहिले.

आता फेब्रुवारीत एकच संधी मिळणार आहे. आप्पा, खरं सांगू? नापास झाले तेव्हा रडू आलं, पण त्यात थोडा आनंदपण होता. ही टेस्ट गेली तर मी उन्हाळ्यात न्हावऱ्यात. मला काय हवंय तेच कळेनासं झालंय.

आईला नमस्कार. रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र पाठवा.

अनू

न्हावरे
२० डिसेंबर २०२४

चि. अनूस आईचा आशीर्वाद.

आक्षर वाकडं हाय, समजून घे. आप्पाला ठावं न्हाई मी लिव्हतेय ते. तुझ्या नापासाचं वाचून आधी ते हासले, मग चौकात समद्यांना सांगून आले की सायेबाला सरकिवला. आन् घरी येऊन तुझ्या खोलीला चुना लावाया घेतला. सणासुदीला कवा चुना लावला न्हाई या माणसानं.

अनू, तुला यायचं आसंल तर ये. पर नापास होऊन येऊ नको. नापास होऊन आलीस तर जलमभर म्हणशील का मला यावं लागलं. पास हो, लायसन हातात घे, आन् मग वाटलं तर ये.

त्यांच्या हॉर्नबिर्नचं काय ऐकू नको. ते रिकाम्या गाडीत वाईटच चालिवत्यात. तू व्हायची व्हतीस तवा न्हावऱ्यावरनं शिरूरला मला याच जीपमधी नेली. कळा सुरू झालेल्या, माझ्या मावशीनं मागं धरून ठिवलेलं. समद्या वाटंनं त्यांनी एक हॉर्न मारला न्हाई. एक खड्डा मला लागू दिला न्हाई. दर वळणाला आधी आरशात माझ्याकडं बघायचे. तसं चालिव. मागं मी हाय आसं समज.

जेवत जा. माझी पाखर हायेच तुझ्यावर.

तुझी आई

जि. टिपरेरी
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस अनूचा नमस्कार, वि. वि.

पास झाले.

साहेब तेच होते. मला बघून त्यांनी आधीच पट्टा दोनदा ओढून पाहिला. मी गाडी सुरू केली आणि मागच्या सीटवर आईला बसवलं, कळा येत असलेली. मग काय बिशाद माझी घाई करायची. दर वळणाला आरशात बघितलं. खड्डा दिसला की पाय हलका. हॉर्नला हात लावला नाही. शेवटी साहेब म्हणाले की फार जपून चालवलीत, कुणी शिकवलं? म्हटलं, आईनं. आई गाडी चालवते का म्हणाले. म्हटलं, नाही, ती मागं बसते.

नोकरी पक्की झाली. ऑफिसनं एक लाल गाडी दिलीय. आप्पा, शिक्रापूरच्या दवाखान्यात माझ्यासाठी शब्द टाकू नका. मी इथं राहतेय. लायसन हातात आलं आणि मला कळलं की मला राहायचंय. तुम्हाला वाईट वाटणार, हे माहीत आहे. मलाही वाटतंय.

उत्तर लवकर द्या, नाहीतर मी फोन करून ओरडेन.

अनू

न्हावरे
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बेस झालं. तुझ्या आईनं शिकवलं म्हणून गावात सांगू नको, माझी इज्जत जाईल. पेढे चौफुल्यापतुर वाटले. खुटबावला तुझ्या मामाला बी दिले, त्यो म्हणाला ह्यात साखर कमी हाय.

वाईट वाटलं, व्हय. दोन दिस जीप भाईर काढली न्हाई. तुझी आई म्हणाली की पोरगी मेली का पास झाली ते एकदा ठरवा. मग काढली.

आता ऐक. शिरूरला जाऊन पासपोर्टचा फार्म भरलाय, दोघांचा. फोटूवाला म्हणाला आप्पा, हसू नका. मी हसत नव्हतो, तोंडच तसं हाय. दिवाळीनंतर येतो. उन्हाळ्यात आईचा ऊस-कांदा हाय, ती सोडायची न्हाई.

एक अडचण हाय, ती आधीच सांगतो. जाणता झाल्यापासनं मी कुणाच्या गाडीत बसलो न्हाई. लग्नाची वरात बी मीच चालिवली. दुसरा चालिवतोय आन् आपण नुसतं बसायचं, ते कसं करत्यात मला ठावं न्हाई. हात कुठं ठिवायचे, कुठं बघायचं, तू दावशील तसं करीन. तुझ्या गाडीत मी मागं बसंन, गप बसंन, आन् तू नेशील तिथं येईन.

वाट बघायची पाळी आता तुझी.

तुझे आप्पा