ते टाके कच्चे नव्हते

प्रिय चिंगे,

तुझं पार्सल काल पोचलं. दोरी सोडली, गोधडी उलगडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच सांगतो, हे पत्र गोड नाही. आईची गोधडी तू मोठ्या हौसेने "फिनिशिंग करून आणते" म्हणून नेलीस, मशीनवाल्याला दिलीस, आणि त्या शहाण्याने तिचा एकूण एक टाका उसवून टाकला. वर चिठ्ठी टाचली आहे, कच्चे टाके काढून पक्की शिलाई केली म्हणून. कच्चे टाके म्हणे. जाड सुती पिवळा दोरा, गडद निळं कापड, एका कडेला फुल्या, समोरच्या कडेला नागमोड आणि मधे गोलात गोल. कच्चे टाके कोणी फुल्याफुल्यांचे घालतं का? त्याचं सोड, त्याला गिऱ्हाईक उरकायचं होतं. तुझे डोळे कुठे गेले होते?

तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, म्हणून तर जास्त चिडचिड होते. तुझ्या आईचे टाके खसखशीएवढे. तुझ्या शाळेच्या फ्रॉकला घातलेली दुमड शोधूनही सापडायची नाही. मी आयुष्यभर सोफ्यांना कापड चढवलं, आणि ती मला आयुष्यभर चिडवत आली की तुमचं शिवण म्हणजे गोणीचं तोंड बंद करणं. अशी बाई नखाएवढाले टाके घालून थांबली, म्हणजे काम अर्धवट राहिलंय असा तू हिशेब केलास. पण विचारायला काय जात होतं? तिने "ने की" म्हटलं, कारण तिला वाटलं तू नुसती कडेला पट्टी लावून आणणार.

आता जे सांगायचं नाही असं मला बजावलं होतं, तेच सांगतो. आईला दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय वगैरे जे ती तुला फोनवर सांगते ते सगळं थोतांड आहे. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळतं. मागे तू आलीस तेव्हा तिने तुझ्या कुडत्याच्या रंगाचं तोंड भरून कौतुक केलं ना, तो रंग तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी तिच्या कानात सांगितला होता. चहा ओतताना कपात बोट बुडवून बघत होती, तू मोबाइलमध्ये होतीस. तुला कळलं तर तू नवी नोकरी सोडून धावत येशील, म्हणून मला शपथ घातली. मीही मूग गिळून बसलो. तिच्यावरही मी चिडलेलो आहे, फक्त तिच्याशी भांडून आजवर माझं काही चाललेलं नाही.

ती गोधडी तिने बोटांनी शिवली. बारीक दोरा बोटाला लागत नाही, जाड लागतो. सुई मी ओवून द्यायचो. शेवटच्या टाक्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबून धरायची आणि त्याच्या पुढे सुई घालायची. वाकडा गेला की स्वतःच उसवायची आणि मी बडबड करतो म्हणून चुकलं असं मला ऐकवायची. दोरा पिवळाच हवा म्हणाली, का ते तिलाच ठाऊक. फुल्या म्हणजे डोक्याची बाजू, नागमोड म्हणजे पायाची. त्यामुळे अंथरूण ती स्वतः घालायची, मला हात लावू देत नव्हती. या घरात तिच्या हातात राहिलेलं तेवढं एकच काम होतं.

काल तिने या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवला. मग गोधडी उलटी करून पुन्हा फिरवला. मशीनची शिलाई इतकी बारीक की बोट नुसतं घसरत होतं. मग तिने मला विचारलं, "ही कोणाची आली?" आपलीच आहे म्हटलं. संध्याकाळी अंथरूण घालायला उठली आणि गोधडी हातात धरून उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्हीच घाला आज." त्या क्षणी तो मशीनवाला समोर असता तर काय केलं असतं मला माहीत नाही.

आणि आज सकाळी म्हणते, पोरीने एवढ्या हौसेने केलंय, तिला दोन चांगले शब्द लिहून पाठवा. फोन तिच्या उशाशी असतो, त्यावर मला काही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. ती आत्ता माझ्या समोर बसली आहे आणि मी तुझे आभार मानतोय अशा समजुतीत आहे. मधेच विचारते, "छान झाली असं लिहिलंत ना?" मी हो म्हणतो. तर आता तू ये. माफी मागायला नको आणि भेटवस्तू तर अजिबात आणू नकोस. जाड पिवळा दोरा आण. मशीनची शिलाई तू उसव, सुई तू ओव, टाके तीच घालेल. मघाशी, मागचं पान संपत आलं तेव्हा, "सही मात्र मी स्वतः करणार" म्हणून तिने हट्टाने पेन घेतलं, हात धरू दिला नाही. मागच्या पानावर मधोमध, माझ्या ओळींवरून आडवं गेलेलं जे तुला वाचता आलं नसेल, ते 'तुझीच आई' आहे. तिला वाटलं, ती खालच्या कोऱ्या जागेत लिहितेय.

तुझाच,
बाबा