जीप किती उंच करायची

१० ऑगस्ट, रविवार

आज झालं ते लिहून काढतो.

आबांना माळावरून खाली आणताना जीप ओढ्यात फसली. बरोबर मधोमध! मागच्या ॲक्सलचा लोखंडी गोळा दगडावर बसला आणि चाकं नुसती गरगर फिरत राहिली. मागे आबा आडवे. छातीला हात, कपाळावर घाम. मी उतरून दगड उपसतोय, पहार घालतोय, शिव्या देतोय — कुणाला देत होतो कोण जाणे.

आबांसोबत मेंढरं राखणारा दगडोबा होता म्हणून बरं. त्यानं आबांना पाठीवर घेतलं आणि पाण्यातून पलीकडे नेलं. तिथून एका ट्रॅक्टरवर रस्त्यापर्यंत, पुढे हिंगोलीला. डॉक्टर म्हणाले, हृदयाला रक्त कमी पडतंय. "जरा आधी आणायचं ना!"

जरा आधी. दवाखान्याच्या पायरीवर बसून तेवढंच डोक्यात घुमत होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आबा घरी आले. बायकोनं, मोहिनीनं, पथ्याचं वेगळं शिजवलं. जेवले नाहीत. अंगणात बसून डोंगराकडे बघत राहिले. "दगडोबाला एकट्याला आवरायची न्हाईत मेंढरं."

मी म्हटलं, "आबा, मेंढरं विकून टाकू."

माझ्याकडे असं बघितलं की मीच उठून आत गेलो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आबा गेले! आम्ही उठायच्या आत, माळावर. गोळ्यांची पिशवी मायनं आठवणीनं दिली म्हणे. म्हणजे तिला माहीत होतं. विचारलं, अडवलं काहून नाही? तर म्हणाली, "मी आजवर कधी अडवलं व्हय?"

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस थांबून माळ वाळेपर्यंत मेंढरं वरच राहणार. म्हणजे आबाही वरच. मग गाडी तिथवर गेलीच पाहिजे. सरळ हिशोब आहे. पुन्हा कळ आली तर?

दुकानात मन लागत नाही. लोकांच्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी बांधायला पडल्यात आणि मी मोबाईलवर जीप उंच करायचे व्हिडिओ बघतोय. कुणी म्हणतं चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्या लांब करा. कुणी म्हणतं पाट्याखाली लोखंडी ठोकळा घाला. कुणी म्हणतं एक पाटा वाढवा. सगळ्यांच्या गाड्या चकाचक, सगळे हसतायत. कुणाच्याच गाडीत मागे बाप झोपलेला नाही.

मोहिनी जेवायला वाढताना म्हणाली, "म्हाताऱ्याला खाली आणायचं सोडून तुमी गाडी वर करून राहिले!"

हसू आलं. मग आलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पोळा झाला. आज हिंगोलीला मुनीर मिस्त्रीकडे. त्यांनी जीपखाली गोणपाट टाकलं, आडवे झाले, एकेक पाटा ठोकून बघितला. मग खालूनच, "ऊंची तो कर देंगे भाई. पहले ये बोलो, इसमें बैठेगा कौन?"

मी सांगितलं.

बाहेर आले, हात पुसले. "बीमार आदमी है तो अलग बात है." ठोकळ्याला साफ नाही म्हणाले. पुढच्या पाट्याखाली ठोकळा घातला आणि निसटला तर गाडी हातात राहत नाही. कड्या लांब केल्या तर काम झटक्यात होतं, पण गाडी डुलते. जास्तीचा पाटा घातला तर गाडी उंच राहते, पण दणके देते. सगळे पाटे नवे घेतले तर सगळ्यात बरं, पण ते बाहेरून मागवावे लागतील, वेळ लागेल.

वेळच तर नाहीये! कड्या बसवा म्हटलं. ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कड्या बसल्या. जीप बघायला शेजारी जमले. खूप दिसते उंच. मला आतून धाकधूक.

३० ऑगस्ट, शनिवार

आज मेलोच होतो.

मोहिनीला घेऊन सेनगाव रस्त्याला निघालो. मोकळा रस्ता, म्हणून जरा वेग घेतला. पुढचं तोंड आपोआप डावीकडे गेलं. मी उजवीकडे ओढलं तर फार उजवीकडे. जीप सापासारखी वळवळायला लागली. समोरून काळीपिवळी येत होती. ब्रेक दाबला आणि रस्ता सोडून सोयाबीनमध्ये घुसलो. चिखलानं धरलं म्हणून थांबलो.

मोहिनी खाली उतरली, पदर सारखा केला, आणि चालायला लागली. मी मागून हाका मारतोय. वळली आणि म्हणाली, "मामांना ह्याच्यात बसवणार हाव का तुमी? मंग छातीत दुखून गेलेलं बरं."

 घरापर्यंत दोघं पायी आलो. 

३१ ऑगस्ट, रविवार

कड्या काढायच्या. मुनीरभाईंना फोन केला. "मालूम था" असं म्हणतील वाटलं होतं. तसं म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, "लगी तो नहीं किसी को?"

३ सप्टेंबर, बुधवार

पाऊस, पाऊस. ओढा भरून चाललाय. माळाच्या एका टेकाडावर तेवढी रेंज येते, तिथून आबा फोन करतात. आज नाही आला. कालही नाही. दुकानातून घरी, घरून फाट्यावर, फाट्यावरून परत. माय म्हणाली, "बस जरा बाबा, तुझ्यानं माझं डोकं फिरून राहिलं." आणि स्वतः पुन्हा पुन्हा दारात जाऊन उभी.

मग तिनं एकदम विचारलं, "पाणी कुठून आणतेत रे आता? झऱ्यावरूनच का?"

मला काय माहीत.

७ सप्टेंबर, रविवार

पाणी ओसरलं. चालत गेलो माळावर. आबा धडधाकट! फोन भिजला होता, एवढंच. मी मारे पळत चढलेलो, मलाच धाप लागलेली. आबा म्हणाले, "दवाखान्यात कुणाला न्यायचंय, तुला का?"

दगडोबा खो खो हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

बाजरीची भाकरी, मेंढीचं दूध. आबा एका पांगळ्या कोकराला मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, गाडी उंच करतोय. म्हणाले, "कायले? मी काय हत्तीवरून येऊ?" नंतर थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "त्या दिशी ओढ्यात तू लय घाबरला होता. माझ्यापेक्षा जास्त."

उतरताना ओढ्यात थांबलो. तो दगड बघितला. त्यावर आमच्या गाडीचा ओरखडा आहे अजून. काठीनं उंची मापली. आणि तिथंच डोक्यात उजेड पडला.

पाटे कितीही उंच केले तरी वर जाते ती बॉडी! गोळा ॲक्सलवर असतो आणि ॲक्सल चाकाला धरून. तो तिथंच राहणार. गोळा वर उचलायचा तर चाकच मोठं पाहिजे. इतके दिवस मी चुकीच्या जागी उंची शोधत होतो.

८ सप्टेंबर, सोमवार

मुनीरभाई म्हणाले, बराबर. मोठे टायर घ्या. पण टायर मोठे झाले की खड्ड्यात मडगार्डला घासणार, म्हणून पाटेही थोडे वर पाहिजेत. थोडेच. फार उंच केली तर माळाच्या उतारावर गाडी कलंडेल. म्हणजे दोन्ही हवं, आणि दोन्ही बेतानं.

आता प्रश्न एकच. जास्तीचा पाटा घालायचा की नवे मऊ पाटे मागवायचे? पाटा उद्या मिळतो. नवे यायला दिवस लागतील. तोवर आबांना काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?

१४ सप्टेंबर, रविवार

मुनीरभाईंच्या ओळखीतल्या एकाची जीप आहे, जास्तीचा पाटा घातलेली. म्हणाले, "चला के देख लो." मी म्हटलं, चालवायची नाही. तुम्ही चालवा. मी मागे झोपतो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चालवायला बसले.

मागच्या फळीवर गोधडी टाकून आडवा झालो. छातीवर हात ठेवला — त्या दिवशी आबांचा होता तसा. गाव सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. आई गं! एकेक खड्डा पाठीतून डोक्यात. दगड आला की अंग फळीवरून उडायचं आणि आपटायचं. डोळे मिटले तर आबाच दिसायला लागले. ओठ घट्ट मिटलेले, हूं की चूं नाही. त्या दिवशी मी सारखा मागे वळून विचारत होतो, "आबा, बरं हाय का?" आणि ते मान हलवत होते. मी किती जोरात चालवत होतो! त्यांना किती लागलं असेल!

मुनीरभाईंनी गाडी थांबवली तेव्हा मी उठलोच नाही. ते मागे आले. मी रडत होतो. लाज वाटली. ते बाजूला बसले, तिकडे तोंड करून. म्हणाले, "मेरे अब्बा अस्पताल ले जाते ऑटो में ही गुज़र गए थे. आज तक मैं उस रास्ते से नहीं जाता."

नवे पाटे मागवले. मऊ वाले. लांब शॉकॲब्सॉर्बर. टायर एक माप मोठे, त्याहून मोठे नको. ठरलं. जे व्हायचं ते होवो.

१७ सप्टेंबर, बुधवार

आले नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आले नाहीत! ट्रान्सपोर्टवाला "कल" म्हणतो. आबांचा फोन आला, आवाज बरा होता. गोळ्या घेतल्या का विचारलं तर रेंज गेली. मुद्दाम गेली असणार.

२१ सप्टेंबर, रविवार

बसवलं सगळं. दिवसभर मीही खाली पडून हात काळे केले. शेवटी मुनीरभाईंनी जॅकवर गाडी उचलली, चाक खाली लोंबू दिलं, तर ब्रेकचा रबरी पाइप दोरीसारखा ताणलेला! गाडी वर गेली, पाइप जुनाच. ओढ्यातल्या पहिल्याच खड्ड्यात तुटला असता. उतारावर ब्रेकशिवाय, मागे आबा...

लांब पाइप शोधत हिंगोली पालथी घातली. शेवटी मिळाला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

गाडी झकास चालते. डुलत नाही. मोहिनी मागे बसून जवळच्या गोरेगावपर्यंत आली. उतरली आणि म्हणाली, "बरी हाय." तिच्या तोंडून हे म्हणजे खूप झालं.

मायला म्हटलं, चल, चक्कर मारू. पाय वर टाकला, गुडघा वळेना. दोनदा प्रयत्न केला, मग ओशाळून हसली. "लय उंच केलीस रे." माझं लक्षच नव्हतं. आबांनाही असंच होणार की! दुकानात वेल्डिंग करून खाली पायरी जोडली. आता चढते. चढली, बसली, उतरली. परत चढली. उतरेचना!

२८ सप्टेंबर, रविवार

ओढा पार!

मोहिनी पाण्यात पुढे उभी राहून हातानं दाखवत होती, "इकडं, अजून इकडं." मी पहिल्या गियरमध्ये, फोर-बाय-फोर टाकून, मुंगीसारखा. तो दगड आला. श्वास धरला. खालून काहीच आवाज नाही. पुन्हा थांबून कान दिला. काहीच नाही! वर आलो.

कुत्री भुंकली, मेंढरं पांगली, आबांनी आधी त्याबद्दल शिव्या दिल्या. मग जीपभोवती फिरले. टायरला काठी मारून बघितली. "हे समदं माझ्यासाठी व्हय?"

मी मान हलवली. 

म्हणाले, "खाली राहायला येणार न्हाई, सांगून ठेवतो. पण दुखलं तर बशीन. गुमान बशीन."

एवढंच हवं होतं. तरी घरी आल्यावर चैन नाही. इतके दिवस पाटे, टायर, पाइप. डोक्याला काम होतं. आता नुसतं वाट बघायचं उरलं. कशाची वाट? छातीत कळ यायची?

४ ऑक्टोबर, शनिवार

माय म्हणते, उद्या मलाही ने. "गाडी जाते तर मी बी बघते एकदा." मोहिनी म्हणाली, गुडघे दुखतील. मायनं ऐकलंच नाही. ज्वारीचं पीठ, तिखट, डाळ असं बांधून राहिली. बोचकं जरा मोठंच दिसतंय. आबांना महिनाभर पुरेल.

५ ऑक्टोबर, रविवार

मायला घेऊन गेलो. परत एकटाच आलो.

निघायच्या वेळी हॉर्न दिला तर ती चुलीपुढून उठलीच नाही. "तू जाय. मी हितंच ऱ्हाते आता. लेकरांसाठी खाली ऱ्हायले इतकी वर्षं. झाले ना तुमी मोठे?" मी आबांकडे बघितलं, त्यांनी काही म्हणावं म्हणून. आबांनी घोंगडी झटकली, आणि दोघांना पुरेल अशी पसरली.