दारामागचा आवाज

प्रिय आई,

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. इथे लीड्समध्ये, दुरुस्तीच्या एका दुकानात, एका सभ्य इंग्रज माणसाने तुला कात्रीने कापून केराच्या टोपलीत टाकल्याचं मला हसतमुखाने सांगितलं. वर म्हणाला, "आता कसं अगदी स्वच्छ झालंय, मॅडम!"

तू गेल्यापासून तुला पत्र लिहायची गरज कधी पडली नाही, कारण तू माझ्या कपाटात होतीस. आता नाहीस, म्हणून लिहिते आहे.

एकोणसत्तर सालचा तो उन्हाळा आठवतो तुला? मोठेबाबांनी सदर बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून एका दिवसासाठी टेपरेकॉर्डर आणला. विलायतेतल्या पुतणीला आवाज पाठवायचा होता ना! बाबा तर मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून घरात मोठ्याने बोलायचा मक्ता त्यांच्या थोरल्या भावाचाच. मोठेबाबांनी भाषण आधी लिहून काढलं, कोट चढवला (टेपरेकॉर्डरसाठी कोट! मे महिन्यात! नागपुरात!) आणि खुर्ची ओढून बसले.

आणि तू? भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, सुनेने तोंड उघडायचं नाही, म्हणून तू दारामागे. चार नातवंडांची आजी झालीस तरी दारामागेच. त्यांच्याशी काही बोलायचंच असलं, तर भिंतीला, मांजराला, नाहीतर नुसत्या हवेला सांगायचीस, शेवटी "म्हणावं" लावून. लहानपणी मला वाटायचं, आपल्या घरात "म्हणावं" नावाचं कुणी तरी राहतं आणि सगळे निरोप तेच पोचवतं.

ते रीळ पार्सलने इथे आलं, तेव्हा आम्ही हप्त्याहप्त्याने एक मशीन घेतलं, फक्त त्याच्यासाठी. किती वेळा लावलं असेल! मोठेबाबा सुरू व्हायचे : "चिरंजीव सौभाग्यवती शालिनी हिस अनेक आशीर्वाद. येथील सर्व मंडळी खुशाल. यंदा संत्र्याचा मृग बहार बरा झाला." पुढे सावनेरचा कापूस, पाण्याचा तुटवडा, नगरपालिकेचा कारभार. आई, माणूस भाषण करत होता! मी सभेला आले होते का?

पण त्यांना पान उलटायला वेळ लागायचा. चष्मा पुसायचे. त्या फटींमधून तू यायचीस.

"पोरीले सर्दी लवकर होते. छातीले तेल लाव म्हणावं."

"तिखटाची पुडी भेटली का, इचारा म्हणावं."

"जावई जेवते का नीट? का उकडलेलेच खाऊन राहिले?"

मग मोठेबाबांचा हुंकार, आणि पुन्हा कापूस.

पण ते सगळं जाऊ दे. मला हवी होती ती शेवटची जागा. "येणेप्रमाणे" म्हणून मोठेबाबा उठतात, त्यांची काठी व्हरांड्याकडे निघून जाते. मशीन बंद कसं करायचं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ते फिरतच राहतं. मग दार करकरतं. बांगड्या वाजतात. तू जवळ येतेस. इतकी जवळ की तुझा श्वास ऐकू येतो. "शालू..." म्हणतेस, आणि पुढे पाच-सहा शब्द. ते घरघरीत बुडालेले. दाराबाहेर येऊन, मधलं ते "म्हणावं" टाकून, तू सरळ माझ्याशी जे बोललीस, तेवढंच मला कधी कळलं नाही!

नागपूरला आले तेव्हा विचारलं होतं तुला. अंगणात संत्र्याची सालं वाळत घालत होतीस. म्हटलं, "आई, शेवटी काय म्हणालीस गं मला?" तू पदर तोंडाला लावून हसलीस. "मले काय याद राहते वं? तुह्याजवळच तर हाये ते. तूच आयक ना." आणि वर, "इंग्रजी शाळेत शिकली अन् आईचं समजत नाही बाई हिले!"



मशीन म्हातारं झालं. पट्टा सैल पडला. मग टेपमधलं ते घरच हळूहळू पाण्याखाली जायला लागलं. मोठेबाबा खोल विहिरीतून कापसाचे भाव सांगायचे, तुझ्या बांगड्या देवळातल्या घंटेसारख्या लांबत जायच्या. दुपारी स्वयंपाकघरात बसून मी ऐकायचे आणि बाहेर बर्फ पडत असताना मला खसच्या ताट्यांचा ओला वास यायचा. कधी डुलकी लागायची. मग दार दिसायचं, दाराखालून तुझ्या पायांची सावली, आणि मी म्हणायचे, ये ना, इथे कुणी नाही. सावली हलायची. तेवढ्यात रीळ संपून टोक फटफट वाजायला लागायचं.

टेपची पूडही गळू लागली. बोटाला तपकिरी लागायची. मग मी घाबरले. नोकरीतून निवृत्त झाले होते, वेळच वेळ होता. हा दुरुस्तीवाला शोधला. मिस्टर हॅरिस. नखं स्वच्छ, टाय सरळ. त्याला मी शाळेतल्या नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत सांगितलं, "शेवटचा भाग मला स्पष्ट ऐकायचा आहे." त्याने मान डोलावली. शेवटचा भाग म्हणजे त्याच्या लेखी भाषणाचा शेवट! मराठीचं त्याला अक्षर कळत नव्हतं. एक भारदस्त पुरुष बोलतो आहे आणि दारामागे एक बाई मधेमधे व्यत्यय आणते आहे, एवढंच त्याला कळलं. म्हणून त्याने व्यत्यय काढला. प्रत्येक ठिकाणी टेप कापून टोकं जोडली, इतक्या सफाईने की मोठेबाबा आता श्वासही न घेता मृग बहारावरून नगरपालिकेवर जातात.

"काय सुंदर आवाज आहे," तो म्हणाला. "तुमचे वडील?"

"ज्या बाईला तुम्ही कापलंत," मी म्हणाले, "ती माझी आई."

तो बिचारा पांढराफटक पडला. त्याला मी जे ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. तुला कळलं तर तोंडात साखर घालायला लावशील. त्याने टोपली टेबलावर उपडी केली. चहाच्या पुड्या, वायरींची सालं, आणि त्यात टेपच्या कुरळ्या बटा, विंचरल्यावर फणीत राहतात तशा. त्याने एकेक तुकडा पुसला, जोडला, लावला.

आई, काय सांगू! मोठेबाबा नाहीत. भाषण नाही. नुसती तूच, कसल्याही क्रमाशिवाय. "जावई जेवते का... तेल लाव म्हणावं... भेटली का... पोरीले..." एक तुकडा उलटा लागला होता, त्यात तू कुठल्या तरी अजून न जन्मलेल्या भाषेत काही तरी समजावत होतीस. मिस्टर हॅरिस तो सुलटा करायला गेला, मी त्याचा हात धरला. राहू दे म्हटलं. दुकानात ट्रॅफिकचा आवाज येत होता आणि तू बोलत होतीस, बोलत होतीस, कुणी हुंकारत नव्हतं.

पण "शालू" नव्हतं.

तो तुकडा त्याने आदल्या दिवशीच कापला होता. माणूस बोलून उठून गेला, मग उरलेली टेप कशाला, असा त्याचा सरळ हिशेब. आदल्या दिवसाची टोपली रिकामी झाली होती. घरी आले तर हे म्हणतात, "अगं, निदान भाषण तर वाचलं!" मी भाषणाचं रीळ यांच्या मांडीवर ठेवलं. हे उठून बागेत गेले.

त्या बिचाऱ्या हॅरिसवर किती रागावू? त्याने नवीन काय केलं? आमच्या घराने तुला जन्मभर जसं ऐकलं, तसंच त्यानेही ऐकलं. माझा राग तुझ्यावर आहे. मला नन्सकडे घालायला तूच हट्ट धरलास ना? मोठेबाबा नाही म्हणत होते, आणि तू दारामागून हवेला सांगितलंस, "पोरगी तिथंच शिकंल म्हणावं, नाहीतर चूल पेटनार नाही म्हणावं." दोन दिवस पेटली नाही! एवढी हिंमत होती, तर एक दार का नाही ओलांडलंस? मला बोलायला शिकवलंस आणि स्वतः कुजबुजत राहिलीस. काहून वं, आई? काहून?

अक्षय्य तृतीया तीन महिन्यांवर आहे. नागपूरसारखी मातीची घागर इथे मिळत नाही, काचेचं भांडं भरीन. दरवर्षी पितरांना पान वाढताना मी आपली रीत पाळत आले : आधी मोठेबाबा, मग बाबा, आणि बायकांचं पान शेवटी. यंदा नाही. वचन देते, यंदा पहिलं पान तुझं, खोलीच्या मधोमध. मोठेबाबा रागावले तर रागावू देत. त्यांना काय हवं असेल ते मांजराला सांगतील.

पण त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मला उत्तर हवं. "शालू"च्या पुढे काय म्हणाली होतीस, शब्द न् शब्द. "याद राहत नाही" चालणार नाही. आणि स्वप्नात येऊन बोलू नकोस. चौथी पास आहेस, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. लेखी दे. बोललेलं कुणी तरी कापून टाकतं.

तुझी,
शालू