पंखाच्या मुळाचा बोल्ट

अप्पा,

परवा तुमचा नातू चारचौघांत म्हणाला, "आजोबांनी म्हणे खेळण्यातलं विमान केलं होतं." मी तिथंच विचारलं, खेळण्यात माणूस बसतो का रे? तो हसला, बाकीचेही हसले. हसायला या लोकांना फार काही लागत नाही. निवृत्त होईपर्यंत मी पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, आगाऊ माणसाला गप्प करायची मला चांगली सवय आहे. पण त्या दिवशी घरी आले आणि मलाच गप्प बसवेना. म्हणून तुमच्याशी बोलतेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता आपोआप येत नाही, आठवून आणावा लागतो.

खेळणं म्हणे! सरकी काढायच्या कारखान्यात तुम्ही इंजिनं सांभाळायचात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी ते विमान उभं करायचात. देवदाराच्या फळ्या, एका मोडक्या मोटारीचं इंजिन, आणि लढाईनंतर सोलापूरच्या भंगार बाजारात आलेले बोल्ट. सोलापूर इंग्रजांचं, आपण निजामाचे, त्यामुळं येताना तामलवाडीच्या नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, शिपाई पिशवी उघडायचा. "ये क्या है?" "मशीन के बोल्ट." "कौनसी मशीन?" "उडनेवाली." तो पोट धरून हसायचा आणि सोडून द्यायचा. खरं बोलून सुटणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही. पंखांना कापड चढवलं ते बाजारातल्या शिंप्यानं, आपल्या खलिफाचाचानं. गळ्यात टेप अडकवून तो पंखाभोवती फिरला आणि म्हणाला, "अप्पा, इत्ता बडा कुर्ता तो मैं किसी दूल्हेकू बी नै सिया."

तुम्ही पहिल्यांदा उडालात तेव्हा मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात होते. माळावरून उठलात, बाभळींवरून एक चक्कर मारलीत आणि धडधाकट उतरलात, हे तुमच्या पत्रात वाचलं. मी वर्गात सांगितलं, तर सिस्टरनं खोटं बोलल्याबद्दल मला गुडघ्यांवर बसवलं. मला इंग्रजी तिनंच शिकवलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे; गुडघ्यांचं मात्र मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही. पुढच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, दसऱ्याला ये, पुढची जागा तुझी, यंदाचं सीमोल्लंघन आपण वरून करू. ते वाचल्यावर मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नाही. अभ्यास करताना, प्रार्थनेच्या रांगेत, ताटावर, सगळीकडं मी विमानातच बसलेली.

सुट्टीला आले तर तुम्ही आधी कामाला लावलंत. उडण्यापूर्वी विमानाचा एकेक बोल्ट तपासायचा हा तुमचा नेम. नट घट्ट केला की जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराची एक बारीक रेघ तुम्ही नटावरून खालच्या पट्टीवर ओढायचात. नट फिरला तर रेघ मोडलेली दिसणार. मी पाना लावायची, फिरला नाही की "घट्ट" म्हणायची. तुम्ही माझ्या हातातून पाना ओढून घेतलात तो क्षण मला अजून दिसतो. कपाळावर विभूती, हाताला ग्रीस, आणि डोळ्यांत राग. "पाना नटाचं सांगतो, लाकडाचं न्हाय. आटे संपले की नट तिथंच अडतो, घट्टच लागतो. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. खाली ढिलं झालेलं तुझ्या पान्याला काय कळतंय? बोट ठेव. कॉन्व्हेंटात बोटं काय नुसती जोडायला शिकवतेत?" मी रडले नाही. पण त्या दिवसापासून मी बोट ठेवायला लागले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, फक्त पूजा. तुम्ही कारखान्यातल्या इंजिनांच्या पूजेला गेलात आणि आई, आपली अव्वा, पूजेचं ताट घेऊन शेडमध्ये गेली. बोल्टांवरच्या शेंदराच्या रेघा तिनं वर्षभर पाहिल्या होत्या. तिला वाटायचं, हे यांचं पूजेचंच. तिनं वाटीभर शेंदूर तेलात कालवला आणि एकूण एक नट माखून ठेवला. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही शेडचं दार उघडलं आणि तिथंच थबकलात. एकही रेघ उरली नव्हती. सगळे नट मारुतीसारखे लालेलाल. "हे कुणी केलं?" तुम्ही ओरडलात. अव्वा पदर सावरत पुढं आली. "मी. तुम्ही नुसती रेघ ओढता. शिवा शिवा, देवाला इतकी कंजुषी! सणाचं तरी नीट लावावं म्हटलं." "अगं, तो देव न्हाय, ती खूण हाय!" "पोरीला घेऊन वर जाणार, मग देव लागणार न्हाय व्हय?" बाहेर आपट्याची पानं घेऊन आलेले लोक खिदळत होते.

मला अव्वाचा असा राग आला होता की काय सांगू. रेघा शाबूत असत्या तर नजर फिरवून तासाभरात उडालो असतो. आता एकेक बोल्ट हातानं बघणं आलं. ऊन चढतंय, लोक कंटाळून सावलीला गेलेत, खलिफाचाचा मात्र चाकाशी उकिडवा बसलाय. तुम्ही पंखाच्या टोकाशी उभे राहून तो हळूच उचलता आणि सोडता, मी मुळाशी, लोखंडी पट्टी आणि लाकूड यांच्या फटीवर बोट ठेवून. उजवा पंख झाला. डाव्याला पुढचा बोल्ट झाला. मागच्याशी बोटाला आतून कुणी टिचकी मारल्यासारखं झालं. तुम्ही पुन्हा उचललात, पुन्हा टिचकी. पाना लावून पाहिला, नट तसूभर फिरेना. रेघ असती तर तीही अखंड दिसली असती.

"अप्पा, हलतंय."

"नीट बघून सांग."

"हलतंय."

तुम्ही येऊन स्वतः बोट ठेवलंत आणि बोल्ट काढलात. भोक लांबट झालेलं, आणि त्यातून लाकडाच्या रेषेरेषेनं केसाएवढी फट पुढं गेलेली. तुम्ही खाली मातीतच बसलात. माझ्याकडं न पाहता म्हणालात, "आज न्हाय." खलिफाचाचानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आज नै तो कल, बेटी. पंखां कां जातें?"

पंख कुठंच गेले नाहीत. नवं लाकूड सोलापूरहून यायचं होतं. तिकडं देश स्वतंत्र झाला होता, आपण झालो नव्हतो, आणि नाक्यावर आता हसणारा शिपाई नव्हता. बंदुका होत्या. पंखाची फळी कोण सोडणार? पुढं पोलीस ॲक्शन झाली, रस्ता उघडला, पण तोवर कारखाना बंद पडला होता, तुम्ही इंजिन जळकोटच्या एका मळ्यात पाणी उपसायला देऊन टाकलं होतं. सुरुवातीला मी सुट्टीला आले की म्हणायचात, लाकूड मिळालं की बघू. नंतर म्हणायचं सोडलंत. मीही विचारायचं सोडलं. आपल्या घरात ज्याचं खूप वाटतं त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, ही रीत तुमचीच.

तुम्ही मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, "पोरीच्या बोटानं दोघं वाचलो." अव्वा स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि माझ्या शेंदरानं." तुम्ही ते कबूल केलंत, कुरकुरत का होईना. मला त्याचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो. नोकरीत असताना मी पुष्कळदा विमानानं गेले. मोठाली विमानं, चहा देणाऱ्या बायका, शेजारी घोरणारा कुणी साहेब. वर गेल्यावर खाली पाहिलं की पाटीवर काढल्यासारखी शेतं दिसतात. हे दाखवायला शेजारी तुम्ही नसायचात, म्हणून मी खिडकीची जागा मागणंच सोडून दिलं.

हे लिहून झालं की मी याची घडी घालीन, पाकीट घेणार नाही. नातवालाही दाखवणार नाही, तो पुन्हा हसेल. पण कुणालाच न सांगितलेलं एक तुम्हाला सांगते. त्या दिवशी उडालो असतो तर पंख तुटला असता, हे मी फळ्यावर आकृती काढून कुणालाही पटवून देईन. पण तो तुटेपर्यंत थोडा वेळ तरी आपण दोघं बाभळींच्या वर असतो. तेवढा वेळ मला हवा होता, अप्पा. अजूनही हवा आहे.